बारा लिहिलेली बाटली

दाजी, जिन्यावरच्या हॉट प्रेसच्या कपाटात टॉवेलांच्या मागे तुमची एक बाटली अजून आहे. साठ मिलीची, तपकिरी काचेची, वर माझ्या अक्षरातलं लेबल. लेबलावर निकोटीन बारा लिहिलंय. आत शून्य आहे.

हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आता सांगून काय उपयोग, हे मलाही कळतं. पण गेले तीन आठवडे हे एकच वाक्य तोंडात धरून मी कॅरिगलाइनचं घर ते रिंगास्किडीचा कारखाना आणि परत करतोय, आणि ज्याला सांगायचं तो माणूसच जागेवर नाही.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी परवा फोन केला. म्हणाले, मिलिंद, तुझ्या दाजींवर चार शब्द लिहून दे, शिक्षण, नोकरी, मंडळासाठी काय काय केलं वगैरे. ते मी दिलं त्यांना, एका पानात बसवून. गणपतीच्या वर्गणीपासून ढोल-ताशापर्यंत सगळं आलं त्यात. फक्त तुम्ही नव्हतात. म्हणून हे वेगळं लिहितोय, आणि हे ताईच्या हाती लागू देणार नाही. का ते कळेल तुम्हाला. म्हणजे तुम्हाला ते आधीच कळलेलं होतं, माझी खरी रड तीच आहे.

सुरुवात तुमच्या खोकल्यापासून झाली. जीपीने, आपल्या नेहमीच्या डॉक्टरने, छातीला नळी लावली, तोंड वाकडं केलं, आणि ताई त्या दिवशी घरी येऊन कुकर लावता लावता रडली. तुम्हाला बायकोचं रडणं कधीच सोसलं नाही. सिगारेट सोडतो म्हणालात, वाफेची सिगारेट, व्हेप, घेतो म्हणालात, पण एक अट घातलीत, की चव तंबाखूची पाहिजे. मग आपण दोघं डग्लस भागातल्या व्हेपच्या एका दुकानात गेलो. तिथे ब्लूबेरी, आंबा, च्युइंगगम, थंडगार कलिंगड. तुम्ही एक झुरका मारून बघितलात आणि त्या दुकानातल्या मुलीसमोर मराठीत म्हणालात, "पावणं, ह्याला आमच्या सईच्या लिपस्टिकीचा वास येतोय." दुकानात तंबाखूच्या नावाने जे होतं ते तर आणखी वाईट, ओल्या पुठ्ठ्यासारखं. गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, आपण दोघं जगाला पुरतील एवढी औषधं बनवणाऱ्या कारखान्यांत काम करतो आणि एवढं एक पाणी आपल्याला जमू नये?

तिथून आपले रविवार सुरू झाले.

ताईने ओट्याजवळ फिरकू दिलं नाही, म्हणून युटिलिटी रूममध्ये वॉशिंग मशीनवर आपली प्रयोगशाळा. हातमोजे, दोन दशांशांपर्यंत दाखवणारा वजनकाटा, ग्लिसरीनचा कॅन, आणि फ्लेवरच्या छोट्या बाटल्या, एक सुक्या गवताच्या वासाची, एक अंजिराची, एक काळ्या चहाची, एक धुराची. निकोटीन वेगळं मिळायचं, दहा मिलीच्या, मिलीला अठरा मिलिग्रॅमच्या बाटल्यांत, दुकानात त्याला शॉट म्हणतात. साठ मिलीत चार शॉट घातले की मिलीला बारा मिलिग्रॅम होतं. तीन घातले की नऊ. हिशेब तुमच्या सईला पाचवीतही आला असता इतका सोपा, आणि तोच आता माझ्या गळ्याशी आलाय.

लेबलाची कल्पना माझी. मी पडलो क्वालिटीचा माणूस, लेबलाशिवाय मला पाण्याची बाटलीसुद्धा संशयास्पद वाटते. बॅच नंबर, तारीख, निकोटीन, आणि खाली दोन सह्या. बनवणारा आणि तपासणारा. ताई हसून हसून बेजार झाली होती. म्हणाली, उद्या माझ्या लिंबाच्या लोणच्यावरही सह्या करा दोघं. तुम्ही मात्र गंभीरपणे चष्मा चढवून, निपाणीच्या शाळेत शिकवलेली ती लांबलचक सही ठोकायचात. तुमच्या कारखान्यात तुम्ही एवढे मोठे माणूस, पण तुमची सगळ्यात ऐटबाज सही ह्या बाटल्यांवर असायची.

आणि मग मुरवणं. तंबाखूची चव लगेच लागत नाही, तीन-चार आठवडे अंधारात आणि उबेत ठेवावी लागते. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती जे कपाट असतं, त्या हॉट प्रेसमध्ये लोक टॉवेल आणि चादरी ठेवतात. आपण बाटल्या ठेवल्या. ताई म्हणायची, आंघोळ करून अंग पुसलं की वखारीतून आल्यासारखं वाटतं. तुम्हाला ते ऐकून काय आनंद व्हायचा.

कारण तुम्हाला वखारच पाहिजे होती. तुमच्या आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायच्या. घरी आल्या की तव्यावर मूठभर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, चुरून डबीत भरायच्या, आणि सकाळी ती मिश्री दातांना लावल्याशिवाय कुणाशी बोलायच्या नाहीत. तुम्ही शाळेतून यायचात तेव्हा तवा तापलेला असायचा. त्या तव्यावरून करपायच्या अगदी आधी जो वास उठतो, तो तुम्हाला बाटलीत हवा होता. आपण किती बॅचेस केल्या दाजी? धूर एक थेंब, धूर दोन थेंब, कॉफी, कोको, अगदी भाजलेल्या जिऱ्याचा फ्लेवरही मागवलात तुम्ही. प्रत्येक वेळी झुरका घ्यायचात, डोळे मिटायचात, आणि मान हलवून म्हणायचात, "जवळ आलंय. पण तवा तापला न्हाई अजून."

आई गेल्या तेव्हा तुम्ही विमानात होतात. परत आलात ते त्यांची अर्धी भरलेली मिश्रीची डबी घेऊन. आठवडाभर ती डबी टीव्हीशेजारी होती. मग एक दिवस तुम्ही ती सगळी मिश्री एका बरणीत ओतलीत, वर फ्लेवर ज्यात विरघळवतात ते प्रोपिलीन ग्लायकॉल घातलंत, दोन महिने भिजवलंत आणि चहाच्या गाळणीत फडकं घालून गाळलंत. काळंभोर पाणी निघालं. तुम्ही म्हणालात, आता हे आपल्या बॅचमध्ये घालायचं. मी म्हणालो, चालणार नाही. कुठली तंबाखू, किती भाजलेली, आत काय काय, काहीच माहीत नाही, व्हेपची कॉइल, आतली तापणारी तार, जळेल, फुप्फुसात काय जाईल ते देव जाणे. तुम्ही माझं न ऐकता एकदा थेट तेच भरून ओढलंत. कॉइल जळली, जिन्यातला धुराचा अलार्म बोंबलला, शेजारची बाई पायात चपला न घालता बाहेर आली. मी त्या प्रकारावर तुम्हाला वर्षभर चिडवलं. ती बरणी मग हॉट प्रेसच्या मागच्या कोपऱ्यात गेली. तुम्ही अधूनमधून विषय काढायचात, नुसते पाच थेंब घालू रे पावणं. मी म्हणायचो, ज्या मालाला कागद नाही तो माझ्या बॅचमध्ये जाणार नाही. तुमच्या आईच्या हातची शेवटची मिश्री होती ती, आणि मी तिचा कागद मागत होतो.

ह्या माणसाशी मी असा बोलत होतो, ज्याने मला ह्या देशात उभं केलं. लग्न मोडून, तोंड लपवून आलो होतो मी. विमानतळावर तुम्ही एक शब्द विचारला नाहीत, फक्त माझ्या अंगावरचं पुण्याचं जॅकेट चिमटीत धरून म्हणालात, हे इथं चालायचं न्हाई, आणि आपलं काढून दिलंत. राउंडअबाउटच्या गोल चौकात मी गाडी बंद पाडायचो. तुम्ही शेजारी बसून शिकवलंत की चौकाला म्हैस समज, थांबून बघायचं, ती आपल्याकडं बघते का, मग जायचं. आजही मी रिंगास्किडीच्या रस्त्यावर प्रत्येक म्हशीपाशी थांबतो. गेले तीन आठवडे जरा जास्तच थांबतो, मागच्या गाड्या हॉर्न देतात.

आता पुढचं सांगतो.

तुम्हाला वीकेंडचीही शिफ्ट लागली आणि बॅच मी एकटा करायला लागलो. शनिवारी दुपारी मी तुमच्या घरी यायचो, बनवायचो, लेबल लावून ठेवायचो. तुम्ही संध्याकाळी येऊन सही करायचात आणि बाटली वर जायची. अशाच एका शनिवारी ताई कणीक मळत होती. मला म्हणाली की खोकला अजून गेलेला नाही, हेही व्यसनच की, सोडवायचं तर पूर्ण सोडवू. तूच बनवतोस ना? मग हळूहळू कमी करत जा. त्यांना सांगू नकोस, सांगितलं की हट्टाला पेटतील. हे सगळं ती इतक्या मायेने बोलत होती दाजी, की तिच्यावर काडीचाही दोष जाऊ देणार नाही मी. हातची कणीक विसरून माझ्याकडे बघत होती. मी ठीक आहे म्हणालो. लेबलावर एक आकडा चुकला म्हणून अख्खा माल थांबवणारा मी, वरिष्ठांशी भांडून लाल होणारा मी, ठीक आहे म्हणालो आणि त्या दिवशी चाराऐवजी तीन शॉट घातले. लेबलावर बारा लिहिलं. खाली बनवणारा म्हणून सही केली.

वाचलेला शॉट ऑफिसच्या बॅगेत टाकून घरी नेला. माझ्या किचनच्या कपाटात डाळीच्या डब्यामागे त्या बाटल्यांची रांग आहे. कधी फेकल्या नाहीत. का, ते मला विचारू नका.

तीन महिन्यांनी दोन शॉट केले. लेबलावर बारा. मग एक.

तुम्ही चिडायला लागलात. सईवर कधी आवाज न चढवणारा माणूस तिच्या गणितावरून ओरडला. जेवताना पाय हलवायचात. दिवसभर व्हेप तोंडात. ताई मला डोळ्यांनी खुणावायची, की होईल, थोडे दिवस. आणि मग तो शनिवार आला. तुम्ही शिफ्टवरून आलात, बूटही काढले नव्हते, हातात आधीची बाटली होती. वॉशिंग मशीनला टेकून म्हणालात, "पावणं, ही बॅच हलकी वाटतेय. घशाला लागतच न्हाई."

त्याच वेळी सांगायचं होतं मला. तुम्ही चिडला असतात, चार शिव्या दिल्या असत्यात, आठवडाभर बोलला नसतात. बास, एवढंच झालं असतं. मी काय बोललो आठवतंय तुम्हाला? मी म्हणालो, "बॅच बरोबर आहे दाजी. तुमची जीभ मेलीय सिगारेटींनी."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटलं. मग तुम्ही खिशातलं पेन काढलंत, नव्या बाटलीवर तपासणारा म्हणून ती लांबलचक सही केलीत, आणि स्वतःच जाऊन ती हॉट प्रेसमध्ये ठेवून आलात.

त्यानंतर तुम्ही एकदम निवळलात. पाय हलवणं थांबलं, गाणी म्हणायला लागलात, सईला सॉरी म्हणालात. मी शेवटचा शॉटही काढून टाकला आणि तुम्हाला कळलंसुद्धा नाही. बाटल्या वेळेवर संपत होत्या, तुम्ही मजेत होतात. पहिली शून्याची बाटली संपली त्या रविवारी ताईने पुरणपोळ्या केल्या. तुम्ही विचारलंत, आज कसला सण? ती म्हणाली, असंच, मन झालं. आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघून हसलो. तुम्ही साडेतीन पोळ्या खाल्ल्यात आणि वर कटाची आमटी प्यालात. मी त्या रात्री समाधानाने झोपलो हो दाजी. ह्याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

तुम्ही गेलात तो गुरुवार होता. तुमच्या कारखान्यातून माझ्या कारखान्यात फोन आला, मधे फक्त एक कुंपण आणि एक रस्ता, तरी मी पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं. गाडीत बसलेले सापडलात, कारपार्कमध्ये, ब्रेकच्या वेळेत. सकाळी सईला शाळेत तुम्हीच सोडलं होतंत. ती मला एवढंच सांगत राहिली, "मामा, ही वॉज इन ग्रेट फॉर्म. ही वॉज सिंगिंग." हॉस्पिटलमधले म्हणाले, शिरा जुन्या तुंबलेल्या होत्या, आज ना उद्या झालंच असतं. मला धीर यावा म्हणून म्हणाले असतील. आज आणि उद्या ह्यात केवढा फरक असतो हे त्यांना कुणी सांगावं.

बंदरातल्या त्या बेटावरच्या दहनगृहात तुम्हाला नेलं. चारी बाजूंनी पाणी, समोर आपले दोन्ही कारखाने दिसत होते. इथल्या पद्धतीप्रमाणे लोक रांगेने येऊन हात हातात घेत होते, सॉरी फॉर युवर ट्रबल म्हणत होते. ताई प्रत्येकाला थँक्यू म्हणत होती, पाठ केल्यासारखं. रांगेच्या शेवटी तुमच्या शिफ्टचा डोनल आला. धिप्पाड माणूस, रडून नाक लाल झालेलं. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला की गेटपाशी तुझ्या माणसाशिवाय कसं उभं राहायचं कळत नाही. दहा वाजता आणि तीन वाजता, पाऊस असो वारा असो. मला माझी सिगारेट कधी स्वतः पेटवू दिली नाही त्याने, म्हणाला.

मी विचारलं, केव्हापासून? तो म्हणाला, गेल्या हिवाळ्यापासून असेल.

ताई दोन पावलांवर होती. तिने ऐकलं नाही. मी डोनलला मिठी मारली ती दुःखाने नाही, त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून.

तुमची गाडी मी आणली. ग्लोव्ह बॉक्समध्ये पाकीट होतं, आत सात सिगारेटी. लायटर, लवंगांची पुडी, हात पुसायचे ओले रुमाल, आणि घडी केलेला एक जुना रेनकोट, जो तुम्ही ओढताना घालत असणार. किती नीट व्यवस्था केली होतीत. कारखान्यात शिरताना कपडे बदलतो तशी. दिवसाला किती होत्या? पूर्वी चार-पाच होत्या. डोनलला मी पुन्हा भेटलो, मुद्दाम. तो म्हणाला, दहा-बारा तरी.

बारा. मी बाटलीतून जे काढून घेतलं ते तुम्ही गेटवर जाऊन भरून घेत होतात, धुरासकट.

इथपर्यंत मी सहन केलं असतं. चोरून ओढत होता, सगळेच ओढतात, असं म्हणून तुमच्यावर थोडं रागावताही आलं असतं. पण मागच्या आठवड्यात ताईने चादरी काढायला सांगितल्या आणि हॉट प्रेसच्या तळाशी, टाकीच्या मागे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत औषधाच्या छोट्या कुप्या. माझ्या प्रत्येक बॅचमधून तुम्ही पाच-पाच मिली काढून ठेवलं होतंत. आपल्या कामात ठेवतात तसे नमुने, पुढे कधी प्रश्न आला तर तपासायला. शेजारी निकोटीन मोजायचं किट, थेंब टाकत जायचं आणि रंग कधी बदलतो ते बघायचं, शाळेतल्या टायट्रेशनसारखं. आणि एक वही.

तुमच्या अक्षरात. बॅच नंबर. लेबल: १२. मिळाले: ९. पुढच्या ओळीत, लेबल: १२. मिळाले: ९. मग ६, ६, ६. मग ३. मग ०. आपल्या फॉर्मवर असतो तसा शेवटचा रकाना तुम्ही आखला होतात, कारवाई. प्रत्येक ओळीत त्याच्याखाली एकच. कारवाई नको.

दाजी, तुम्हाला पहिल्या बाटलीपासून माहीत होतं.

"घशाला लागतच न्हाई" म्हणालात ते विचारायला नव्हतं. मला दार उघडून देत होतात तुम्ही, की सांग बाबा आता. आणि मी तुमच्या जिभेवर घसरलो. तरी तुम्ही सही केलीत. खोट्या लेबलाखाली, तपासून, खोटं आहे हे माहीत असून. बेचाळीस वर्षांच्या मेव्हण्याची लाज राखायला? की ताईला पुरणपोळ्या करता याव्यात म्हणून? आणि त्या बाटल्या वेळेवर संपत होत्या त्या कशा? तुमचा व्हेप मी बघितला, टाकी कोरडी, कॉइल महिनोन्‌महिने न वापरलेली. माझे शनिवार तुम्ही बेसिनमध्ये ओतून देत होतात, मला कळू नये म्हणून. वरून पाणीही सोडत असाल, वास जावा म्हणून. मला ते दृश्य दिसतं. एवढा मोठा माणूस चोरासारखा बेसिनपाशी उभा.

मला तुमचा इतका राग येतो की वही फेकून मारावीशी वाटते, पण कुणाला मारू? एकदा ओरडला असतात. एकदा कानफटात दिली असतीत. बारा ते बाराच राहिलं असतं, तुम्ही युटिलिटी रूममध्ये बसून माझ्याशी तव्यावरून वाद घातला असतात, आणि फार तर खोकत राहिला असतात. मला तो खोकला चालला असता हो. जिन्यातून तो खोकला यावा म्हणून मी अजून कान देतो. आणि ह्यातलं काहीच सिद्ध करता येत नाही. कदाचित त्या गुरुवारी तुम्ही बाराच ओढत असतात तरी गेला असतात. हे मला कुठल्याच किटने कधी मोजता येणार नाही. हेच घेऊन राहायचंय आता.

एक गोष्ट चांगली सांगण्यासारखी होती, तीही उशीर करून बसली. ही शेवटची बाटली बनवताना मला कसंतरी वाटत होतं. सगळं सुरळीत चाललंय, दाजी आनंदात आहेत, आणि आपण मात्र त्यांना वर्षभर फसवतोय. भरपाई म्हणून म्हणा, मी तुमची ती काळी बरणी काढली आणि पाच थेंब घातले. कागद नसलेला माल माझ्या बॅचमध्ये. त्या पाच थेंबांनी शून्याचं नेमकं काय होतं तेही मोजलं नाही. म्हटलं, रविवारी उघडू तेव्हा दाजींचं तोंड बघू.

तो रविवार आज होता. तुमच्याशिवाय उघडायची नाही असं ठरवून सकाळी आलो होतो, आणि अकरा वाजता जिन्यावर हॉट प्रेससमोर उभा राहून उघडलीच. नवी कॉइल घातली. मी आयुष्यात काही ओढलेलं नाही हे तुम्हाला माहीत आहे. बटण दाबलं आणि तोंडात न घेता नुसती वाफ सोडली.

आला दाजी. तवा तापला. करपायच्या अगदी आधीचा. मी निपाणीचं तुमचं घर फक्त एकदाच पाहिलंय, पण मला तिथली चूल दिसली. तुमचं बरोबर होतं, पाच थेंबच पाहिजे होते, आणि मी कागद मागत बसलो.

खालून ताई आली, हातात धुतलेल्या टॉवेलांची चळत. तिसऱ्या पायरीवर थांबली. तिने वाफेकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. "सासूबाई मिश्री भाजतायत," म्हणाली. मग तिथेच पायरीवर बसली आणि टॉवेलांत तोंड घालून रडली. बेटावर रडली नव्हती एवढी. मी शेजारी बसलो. माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात तुमचं पाकीट होतं, सात सिगारेटींचं. घरात ठेवता येत नाही आणि फेकवत नाही म्हणून तीन आठवडे तिथेच आहे. आज तिला सांगायचं असं ठरवूनही आलो होतो मी. वहीसुद्धा बॅगेत होती.

तिने तोंड वर केलं. डोळे सुजलेले, नाकाचा शेंडा लाल, लहानपणी पडल्यावर दिसायची तशी. म्हणाली, "मिल्या, त्यांची सिगारेट सुटली होती ना रे? तेवढं तरी आपल्या हातून झालं ना?"

"सुटली होती ताई," मी म्हटलं. "पूर्ण सुटली होती."

तिने मान हलवली. पदर नव्हता म्हणून टॉवेलाने डोळे पुसले, तो वेगळा काढला, बाकीचे हॉट प्रेसमध्ये एकावर एक लावले आणि खाली भात लावायला गेली.

पुन्हा एक खोटं लेबल लावलं मी दाजी. आणि ह्या वेळी ते तपासून, सगळं कळून, गप्प बसून माझ्या नावाखाली सही करणारं कुणी नाही.